कराचं पोट

अर्थशास्त्र हा विषय आम्ही निवडला नव्हता, तो आमच्या वाट्याला आला होता. बारावीला सायन्स झेपलं नाही आणि कॉमर्सचं जमा-नावे पाहून जे मागच्या पावली फिरले, असे आम्ही सगळे साताऱ्याच्या त्या कॉलेजात बी.ए.ला जमलो होतो. इतिहासाला पाठांतर फार. मराठी घेतलं तर उद्या सोयरीक जमवताना मुलगा काय शिकला म्हणून सांगायचं, हा प्रश्न. मग राहिलं अर्थशास्त्र. नावातच 'अर्थ' असल्यामुळे घरचेही खूश. माझे वडील तर पोरगं बँकेत लागणार म्हणून गावभर सांगत सुटले होते. एक्क्याण्णव साल होतं. रुपया घसरला, देशाचं सोनं गहाण पडलं, अशा बातम्या रोज यायच्या आणि पारावरची माणसं मला गाठून विचारायची, "काय रं, तू अर्थशास्त्र शिकतूस न्हवं? मग ह्ये काय चाललंय?" मला काय कळतंय, कपाळ!

त्या कपाळात थोडाफार उजेड पाडला तो तांबोळी सरांनी.

सर मूळचे वाईचे. नदीच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांचं पानाचं दुकान होतं आणि पूजेच्या विड्याची पानं आळीतले भटजी त्यांच्याकडूनच न्यायचे. लहानपण त्या दुकानाच्या फळीवर गेल्यामुळे सरांच्या बोलण्यात एकीकडे 'व्हय', 'न्हाई' असायचं आणि मध्येच एकदम 'यथासांग' येऊन बसायचं. स्वतः मात्र पान कधी खाल्लं नाही. "जो विकतो त्यानं खाल्लं तर धंदा बसतो," म्हणायचे. अंगानं किरकोळ, आवाज मात्र वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात ऐकू जाईल असा. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू ठेवायचे, त्यामुळे खिसा कायम पांढरा. एकदा प्राचार्य त्यांना म्हणाले, "तांबोळी, जरा नीट राहत चला." सर म्हणाले, "खिसा रिकामा दिसण्यापेक्षा पांढरा बरा, सर."

सगळ्या विद्यार्थ्यांना ते अहो-जाहो करायचे. पोरांना आडनावानं आणि मुलींना 'बाईसाहेब' म्हणून. आमच्यापैकी कुणाला घरात कधी कुणी अहो म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी "काय हो निकम, आपण खिडकीबाहेर काय शोधताय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा निकम मागं वळून बघायला लागला की दुसरं कोण निकम आहे.

त्यांचं खरं वैर होतं ते पुस्तकातल्या शब्दांशी. आमची पुस्तकं मराठीत होती हे खरं, पण ती मराठी कुणाच्या घरात बोलली जात होती कोण जाणे. पहिल्या आठवड्यात त्यांनी निकमला उभं केलं आणि वाचायला सांगितलं, "घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम." निकमनं ते तीन ठिकाणी अडखळत वाचलं.

"कळलं?"

"न्हाई सर."

"मग उद्या कळंल. सकाळी काही न खाता या."

दुसऱ्या दिवशी सर कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन वर्गात आले. निकमला टेबलाजवळ बसवला आणि एकेक पेढा हातात द्यायला लागले. प्रत्येक पेढ्यानंतर विचारायचे, "कसा लागला?" पहिल्याला निकमनं डोळे मिटून मान हलवली. दुसऱ्याला "झकास" म्हणाला. पुढं "बरा हाय" वर आला आणि त्याच्याही पुढं त्यानं हात जोडले. "सर, आता न्हाई. पाया पडतो." वर्ग हसून लोळत होता. सर फळ्याकडं वळले आणि त्यांनी लिहिलं, 'शेवटच्या घासाची गोडी'. "पेढा तोच, हलवाई तोच, निकमही तेच. मग गोडी कुठं गेली? हा नियम. पुस्तकवाल्यानं त्याला कोट घालून बसवलाय, एवढंच." त्या दिवसानंतर प्रत्येक नियमाला निकम आपण होऊन हात वर करायचा. पण पुढचा धडा पैशाच्या मूल्याचा निघाला आणि सरांनी त्याला काहीच खायला दिलं नाही.

मागणीची लवचिकता त्यांनी मंडईत नेऊन शिकवली. आम्ही वीस-पंचवीस पोरं-पोरी रांगेनं फुलवालीपुढं उभे राहिलो. सरांनी विचारलं, "मावशी, झेंडू महाग झाला तर गिऱ्हाईक काय करतं?" ती म्हणाली, "बघून पुढं जातं." मग पलीकडच्या दुकानात मिठाचं विचारलं. दुकानदार म्हणाला, "मीठ कवा कुनी टाळलंय व्हय? आनि घेनार नसाल तर वाट सोडा." सर तिथंच रस्त्यात म्हणाले, "बघा. मिठाची मागणी हट्टी, झेंडूची लाजरी. किंमत डोळे वटारते तेव्हा एक जागची हलत नाही, दुसरी घरात पळते." हट्टी आणि लाजरी, हे दोन शब्द आमच्या वर्गात इतके रुजले की मुलींच्या बाकांविषयी बोलतानाही पोरं तेच वापरायची. सरांनी ते एकदा ऐकलं. रागावले नाहीत. "शब्द चालायला लागला," एवढंच म्हणाले.

"शब्द अडला की समजायचं, सांगणाऱ्यालाच कळलेलं नाही." हे त्यांचं लाडकं वाक्य. विभागप्रमुख जुने, सावध गृहस्थ होते. ते सरांना आमच्यादेखत म्हणाले होते, "तांबोळी, हे ठीक आहे. पण परीक्षेत पोरं काय लिहिणार?" सर हसले. "तपासणाराही अर्थशास्त्रच शिकलेला असणार की."

आता त्या वाक्यावर मला हसू येत नाही.

आमच्या वर्गात सुरेखा जगताप होती. वाईकडच्या एका गावातून रोज एस.टी.नं यायची. पहिल्या बाकावर बसायची, पण पहिल्या बाकावरच्या मुलींसारखी मान डोलवायची नाही. पटलं नाही तर कपाळाला आठी घालून बसायची आणि सर शिकवता शिकवता त्या आठीकडं बघायचे. ती गेली की मगच पुढं जायचे. मी तिच्या मागं दोन बाक सोडून बसत होतो. मला बऱ्याचदा काही कळलेलं नसायचं, पण सुरेखाची आठी गेली की तास पुढं सरकायचा आणि मी सुटल्यासारखा व्हायचो.

शेवटच्या वर्षाला सार्वजनिक आयव्यय हा पेपर होता. सरकार पैसा आणतं कुठून आणि घालवतं कशात, याचं शास्त्र. त्यात 'कराघात' आणि 'करभार' असे दोन शब्द होते आणि आम्हाला दोन्ही सारखेच वाटायचे. सरांनी खिशातून काड्यापेटी काढली. "ह्या पेटीवरचा कर सरकारला कोण देतो? कारखानदार. त्याच्या हातातनं जातो. पण तो काय घरचा घालतो व्हय? किमतीत चढवतो. शेवटी जातो कुणाच्या पोटातनं? तुमच्या आईच्या, चूल पेटवणारीच्या. प्रत्येक कराला एक हात असतो आणि एक पोट असतं. हात म्हणजे कराघात, पोट म्हणजे करभार. हात बघून फसू नका. पोट शोधा."

सुरेखाच्या कपाळावर आठी तशीच.

"बोला, बाईसाहेब."

"सर, ज्याचं पोटच भरत न्हाई, त्याच्याकडनंबी जातो का?"

सरांनी खडू खिशात टाकला. मग म्हणाले, "जातो. त्याच्याकडनं तर आधी जातो." आणि आम्हा सगळ्यांकडं वळून म्हणाले, "हा प्रश्न पुस्तकात नाही. ह्यांनी आज विचारला. लिहून घ्या." त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी पुन्हा कुणा मास्तरच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

त्याच वर्षी सुरेखाचे वडील कॉलेजात आले. पांढरी टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा. व्हरांड्यात त्यांनी सरांना गाठलं. आम्ही पोरं जिन्यावर बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. "सर, लोकं लय बोलाय लागल्यात. पोरीला सोयरीक आलीया, कडेगावकडची. पर ही म्हनती, मला फुडं शिकायचंय. मी तिला सबूद दिलाय. पयला वर्ग आला तर कोल्हापूरला एम.ए.ला घालतो. न्हाई आला, तर तिनं गप मांडवात बसायचं."

सर म्हणाले, "येणार. ती माझी जबाबदारी."

"मग मी निवांत झालो," असं म्हणून ते गेले.

परीक्षेच्या आधी शेवटच्या तासाला सुरेखानं विचारलं, "सर, पेपरात पुस्तकातला शब्द लिहायचा का तुमचा?"

"जो तुम्हाला कळलाय तो," सर म्हणाले. एवढं साधं उत्तर. त्यात चुकीचं काय होतं, हे मी अजून स्वतःला विचारतो.

माझ्यापाशी बाजारात मिळणारं गाईड होतं. सरांचे शब्द ऐकायला मला आवडायचे, पण परीक्षेत हात आणि पोट लिहायची माझी छाती नव्हती. आणि खरं सांगायचं तर मला ते तेवढे कळलेही नव्हते. मी गाईडातला कराघात लिहिला, करभार लिहिला, व्याख्या जशीच्या तशी उतरवली आणि खाली दुहेरी रेघ मारली. मला पहिला वर्ग मिळाला. हे वाक्य लिहितानाही मला चोरी केल्यासारखं होतं. मी काही चोरलेलं नाही. तरी होतं.

सुरेखाला आयव्ययाच्या पेपरात जेमतेम पास होण्याइतके मार्क होते. बाकी सगळे पेपर चांगले. तेवढ्या एकानं पहिला वर्ग हुकला. सरांनी स्वतः विद्यापीठात खेटे घातले, फेरमोजणी करून घेतली, बेरीज बरोबर निघाली. तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मुहूर्तावर तिचं लग्न झालं. सर लग्नाला गेले होते. मी गेलो नाही. का गेलो नाही ते मला तेव्हाही माहीत होतं.

पुढं मी एम.ए. केलं, म्हणजे कोल्हापूरला, जिथं तिनं जायचं होतं तिथं. आणि सांगलीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागलो. तिथंच दोन-तीन वर्षांनी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचं चर्चासत्र होतं. तांबोळी सर साताऱ्याहून आले होते. मला बघून त्यांना फार आनंद झाला. "आता तुम्हीही आमच्यातले," म्हणाले आणि चहाच्या वेळी माझ्याशेजारी येऊन बसले.

समोर पाच-सहा प्राध्यापक गोल करून बसले होते आणि पेपर तपासणीतल्या गमती सांगत होते. हा खेळ आमच्या धंद्यात फार चालतो. कुणी उत्तरपत्रिकेत सापडलेली नोट सांगितली, कुणी देवाची प्रार्थना. मग एक जाडजूड, हसतमुख गृहस्थ म्हणाले, "माझ्याकडं एकदा सातारा भागाचा गठ्ठा होता. एका पोरीनं लिहिलंय, कराला हात असतो आणि पोट असतं! पानभर! करभार शब्दाचा पत्ता नाही. मी म्हटलं, बाई, आता कराला पाय फुटून तो पळून जायच्या आत थांब." सगळे खो खो हसले. ते गृहस्थ वाईट नव्हते. पुढं माझी त्यांच्याशी ओळख झाली, मुलांवर जीव टाकणारा माणूस. त्या दिवशी त्यांच्यापुढं पाचशे पेपर असतील आणि हातात आदर्श उत्तराचा कागद. कागदावर पोट नव्हतं.

सरांच्या हातात चहा होता. तो त्यांनी प्यायला नाही, खालीही ठेवला नाही. मला वाटलं, आता ते उठून काहीतरी बोलतील. हा माझा शब्द आहे, असं सांगतील. पण माझ्याकडं न बघता ते एवढंच म्हणाले, "त्या माणसाला पोरीचं नाव माहीत नाही, बरं झालं." दुपारच्या सत्राला ते थांबले नाहीत.

त्यानंतरचे सर मी फक्त ऐकले. साताऱ्याला शिकणारा माझा मावसभाऊ सांगायचा, "तुमचे ते तांबोळी सर लय बोअर मारत्यात." मला पटेना. रजा काढून गावी गेलो तेव्हा मुद्दाम कॉलेजात गेलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो. आतून सरांचा आवाज येत होता. "लिहा. कराघात, स्वल्पविराम, म्हणजे, कराचा प्रथम आघात. लिहिलं? अधोरेखित करा." पन्नास पेनं खरडत होती. कुणी हसत नव्हतं, कुणी अडत नव्हतं. तास संपल्यावर ते बाहेर आले, मला बघून ओशाळल्यासारखे झाले. "निकाल चांगला लागतो आता," म्हणाले. खिसा स्वच्छ होता. मला त्यांच्याकडं बघवेना, कारण ते आता अगदी माझ्यासारखं शिकवत होते.

मग एक दिवस त्यांचं कार्ड आलं. 'कडेगावला जाऊन यावे असे मनात आहे. एकट्याने धीर होत नाही. आपण याल काय?' रविवारी मी सांगलीहून निघालो, ते साताऱ्याहून आले, कराडच्या स्टँडवर भेटलो. गाडीत ते अधूनमधून ओठ हलवत होते. काय बोलायचं त्याची तयारी चालली होती. वर्गात जाताना या माणसानं कधी तयारी केलेली मी पाहिली नव्हती.

सुरेखाचं घर कडेगावच्या अलीकडं रस्त्यावरच्या वस्तीत होतं. चांगलं पक्कं घर, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात दोन म्हशी. वाईट दिवस असतील अशी भीती मनात होती, तसं काही नव्हतं. ती पदर सावरत बाहेर आली, सरांना बघून जागच्या जागी उभी राहिली आणि मग वाकून पाया पडली. थोडी भरली होती. कडेवर पोरगी होती.

"आत्याबाई, हे आमचे सर. मी सांगत असते ते."

सासूबाई आतून घाईनं आल्या. बोलक्या होत्या. "आवं, तुमचं नाव तर रोज निघतंय ह्या घरात. परवा एस.टी.चं तिकीट वाढलं. मी म्हनलं, सरकारनं एस.टी.वर कर बसवलाय, आपल्याला काय! तर ही म्हनती कशी, हात एस.टी.चा हाय, पर पोट आपलं हाय. खरं हाय का ओ सर?"

सरांनी मान खाली घातली. मीच म्हटलं, "खरं आहे."

चहा झाला. सासूबाई म्हशीकडं गेल्या. सरांनी कप खाली ठेवला आणि उभे राहिले, वर्गात उभे राहायचे तसे.

"बाईसाहेब, मला एक बोलायचं होतं. तुमच्या त्या पेपराचं. मला नंतर कळलं, त्यात काय झालं ते. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. त्याची शिक्षा तुम्हाला झाली. मला माफ करा."

सुरेखाच्या कपाळावर आठी आली. मी ती ओळखली.

"चुकीचं?"

"व्हय. पुस्तकातला शब्द लिहा, असं सांगायला पाहिजे होतं."

तिनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "सर, मी लय रडले हुते तवा. पर मनात एक हुतं. म्हनलं, तपासनाऱ्याला कळलं न्हाई. मी बरुबरच लिवलं हुतं." मग तिनं विचारलं, "ते बरुबर हुतं न्हवं, सर?"

सर म्हणाले, "माझी चूक होती. सगळी माझी चूक."

ती हसली. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसं. "असू द्या सर. आता काय त्याचं," म्हणाली. मग पोरगी रडत नसतानाही तिला गप्प करायला लागली. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आली. "येत जावा," म्हणाली, पण आमच्याकडं न बघता.

विट्याहून येणारी कराड गाडी मिळाली. सर खिडकीजवळ बसले. मला वाटलं, ओझं उतरलं असेल, आता बरं वाटत असेल. गाडीनं एक गाव मागं टाकलं, तसे ते माझ्याकडं वळले.

"तिनं मला प्रश्न विचारला होता."

"कुठला, सर?"

"बरोबर होतं का म्हणून. आणि मी काय सांगितलं?"

"तुम्ही माफी मागितली, सर."

"माफी मी माझ्यासाठी मागितली हो. ती तर मार्क मागत होती. तेवढं एकच होतं तिच्यापाशी, तेही मी आज तिच्या घरी जाऊन काढून घेतलं." त्यांचा आवाज वाढला होता. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. सर उठले आणि दांडा धरत दाराकडं गेले. "कंडक्टर, गाडी थांबवा."

"हितं थांबा न्हाई, म्हातारबा."

"माझं मागं राहिलंय."

"काय राह्यलं? पिशवी?"

"व्हय," सर म्हणाले. पिशवी त्यांच्या हातातच होती. कंडक्टरनं ती पाहिली, सरांच्या तोंडाकडं पाहिलं आणि दोरी ओढली.

मीही अर्धवट उठलो होतो. म्हटलं, "सर, मी येतो बरोबर."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "तुम्ही बसा. तुमचं काही राहिलं नाही." त्यात टोमणा नव्हता. सरांना टोमणे येत नसत. ते उतरले, गाडी हलली. मी मागच्या काचेतून पाहिलं. सर रस्त्याच्या कडेनं वस्तीकडं निघाले होते, त्यांच्या वयाला शोभणार नाही इतक्या घाईनं. गाडी वेगात नव्हती, अजून उतरता आलं असतं.

मी बसून राहिलो.